सुटकेची तारीख नसलेली कैद

२६ जानेवारी २०२१ रोजी पासष्ट वर्षांची एक बाई औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, परत आली. तिला घ्यायला नातेवाईक आले होते आणि पोलीस अधिकारीही. पोलिसांनी सांगितलेली हकिकत अशी: अठरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या नातलगांना भेटायला पाकिस्तानात गेली आणि लाहोरमध्ये तिचा पासपोर्ट हरवला. आपण कोण, कुठल्या, हे दाखवायला हातात काहीच नाही, म्हणून अटक झाली. माझा काही गुन्हा नाही, असं तिने तिथल्या न्यायालयात सांगितलं. न्यायालयाने माहिती मागवली. मग औरंगाबादच्या सिटी चौक पोलिसांनी कळवलं की होय, आमच्या हद्दीत या बाईच्या नावावर घर आहे. त्यावर तिची सुटका झाली.

आपल्या देशात आल्यावर स्वर्गात आल्यासारखं वाटतंय, असं तिने बातमीदारांना सांगितलं. त्यानंतर ती जेमतेम दोन आठवडे जगली. ९ फेब्रुवारीला हृदयविकाराने गेली.

या हकिकतीत मला सगळ्यात जास्त टोचतो तो तिच्या सुटकेला पुरलेला पुरावा. नावावर घर आहे की नाही, हे बघायला किती वेळ लागतो? घरपट्टीची पावती, विजेचं बिल, नगर भूमापन कार्यालयातला उतारा, शेजारच्या चार माणसांचे जबाब. ठाण्यातल्या एका हवालदाराचं दोन-चार दिवसांचं काम. ते काम करा असं कुणीतरी कुणाला सांगेपर्यंत एका बाईचं म्हातारपण तुरुंगात निघून गेलं. तिला कुणी अठरा वर्षांची शिक्षा ठोठावली नव्हती. एवढी शिक्षा ठोठावण्याजोगं तिने काही केलंही नव्हतं. ती आत राहिली, कारण तिला बाहेर काढणं हे कुणाचंच काम नव्हतं.

ती आश्रयाला गेलेली नव्हती, पाहुणी म्हणून गेली होती. तरी निर्वासितांच्या कैदेवरच्या या प्रकरणाची सुरुवात तिच्यापासून करायला हवी, कारण ही कैद कशी चालते ते तिच्या बाबतीत लख्ख दिसतं. माणूस परका, कागद नाही, आणि तो कोण हे दुसऱ्या देशातल्या एखाद्या कचेरीने सांगेपर्यंत त्याला आत ठेवायचं. या बाईच्या पाठीशी निदान सिटी चौक ठाणं उभं राहू शकलं. काबूलहून, खार्टुमहून किंवा म्यानमारच्या रखाईनमधून जीव वाचवून पळालेल्या माणसाचं काय? त्याच्याबद्दल माहिती मागवायची तर ती त्याच सरकारकडून, ज्याच्या भीतीने तो पळाला. तिथलं ठाणं एकतर उत्तर देणार नाही, किंवा देईल ते त्याच्या जिवावर उठणारं असेल. त्यामुळे ज्याला आश्रयाची सर्वाधिक गरज, त्याचीच कैद सर्वाधिक लांबते.

आपल्याकडे हे कोणत्या कायद्याने होतं, ते आधी पाहू. निर्वासितांसंबंधीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर भारताची सही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदा आपण केलेला नाही. जो भारताचा नागरिक नाही तो परदेशी, मग तो ताजमहाल बघायला आलेला असो की घर जळालं म्हणून आलेला. अनेक दशकं या सगळ्यांना १९४६ चा परदेशी नागरिक कायदा लागू होता. त्याच्या कलम ३ ने सरकारला परदेशी माणसाला देशाबाहेर घालवण्याचा, ठरावीक जागी राहायला लावण्याचा आणि अटकेत ठेवण्याचाही अधिकार दिला. कलम ९ ने आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचं ओझं त्या माणसावरच टाकलं. आत किती दिवस ठेवायचं, याची मुदत मात्र कायद्यात कुठेच नव्हती. नागरिकाला राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केलं तरी बारा महिन्यांची कमाल मर्यादा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे तीन महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाचा अभिप्राय लागतो. परदेशी नागरिक कायद्यात तसा एकही थांबा नव्हता.

या कायद्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतलं, आणि त्याची पहिली झळ ज्यांना बसली त्यांतले अनेक जण आपल्या महाराष्ट्रात होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि हिंदुस्थानातल्या जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांची धरपकड सुरू झाली. त्यात नाझी पक्षाचे लोक होते, व्यापारी होते, मिशनरी होते. आणि हिटलरपासून जीव वाचवून मुंबई, कलकत्ता, लाहोरला आलेले ज्यू डॉक्टर, संगीतकार, इंजिनिअरही होते. सगळ्यांना एकच शिक्का: शत्रुदेशाचे नागरिक. अहमदनगरला, म्हणजे संभाजीनगरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, त्यांची मोठी छावणी उभी राहिली. छळ करणारे आणि छळ सोसलेले एकाच तारेच्या कुंपणाआड आले. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली आणि बऱ्याच ज्यूंना सोडूनही दिलं. पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, घबराट पसरली आणि सोडलेल्यांतल्या कित्येकांना पुन्हा धरण्यात आलं. पुढे अहमदनगरची माणसं देवळालीला आणि तिथून देहरादूनला हलवली गेली. कुटुंबकबिल्यासह असलेल्यांना पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्याला ठेवण्यात आलं.

पुरंदरला काटेरी तार आणि बुरुजांवर बंदुका, असं चित्र नव्हतं. तिथे गोऱ्या शिपायांसाठी बांधलेले बंगले होते, थंड हवा होती, मुलांना खेळायला जागा होती. लाहोरमध्ये दवाखाना चालवणारं एक ज्यू डॉक्टर दांपत्य आपल्या लहान मुलांसह पुरंदरला आणि साताऱ्याला महायुद्ध संपेपर्यंत अडकून पडलं. त्यांची मुलगी हेझल कहान हिने पुढे या दिवसांबद्दल लिहिलं आहे. बाहेरून बघणाऱ्याला ही शिक्षा वाटणारही नाही. पण चालता दवाखाना बंद पडला, रुग्ण तुटले, आणि युरोपात मागे राहिलेल्या आईबापांचं काय झालं याची चिंता करायची ती एका डोंगरावर बसून, काहीही करण्याचं स्वातंत्र्य नसताना. आणखी एक गोष्ट. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी नाझी सरकारने फर्मान काढून देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचं जर्मन नागरिकत्वच काढून घेतलं. ज्या देशाचे नागरिक म्हणून त्यांना इथे डांबलं, तो देश म्हणत होता की हे आमचे नव्हेतच.

याच काळात, याच महाराष्ट्रात, दुसरी एक वसाहत होती. कोल्हापूरजवळ वळीवडे इथे १९४३ ते १९४८ या वर्षांत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी त्यांना सैबेरियात हद्दपार केलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ते हिंदुस्थानात आले. वळीवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत होती, दुकानं होती. बायका कोल्हापूरच्या बाजारात जात. आसपासच्या गावांशी, माणसांशी त्यांचे संबंध जडले. तिथे वाढलेली पोलिश मुलं म्हातारपणी पुन्हा कोल्हापूर बघायला आली, आणि कोल्हापूरकरांनी त्यांचं स्मारक जपलं आहे. पुरंदर आणि वळीवडे यांच्यात दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. दोन्हीकडची माणसं एकाच आगीतून वाचलेली. फरक एवढाच की एकांच्या पासपोर्टवर मित्रराष्ट्राचं नाव होतं आणि दुसऱ्यांच्या पासपोर्टवर शत्रूचं. निर्वासितांना मोकळं ठेवलं तर काय होतं, असं कुणी विचारलं तर मी वळीवड्याकडे बोट दाखवीन. पाच हजार माणसं पाच वर्षं राहिली आणि कोल्हापूरचं काही वाईट झालं नाही.

पुरंदरचा विषय निघालाच आहे, तर एक जुनी गोष्ट सांगून पुढे जातो. संभाजी महाराजांचा जन्म याच किल्ल्यावरचा. ते गादीवर आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १६८१ मध्ये, औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर दुर्गादास राठोडासह त्यांच्या आश्रयाला आला. शत्रूचा मुलगा, सोबत सैनिक, हेतू काय ठाऊक नाही. संशय घ्यायला यापेक्षा सबळ कारण कुठलं असेल? महाराजांनी त्याची पालीजवळ राहण्याची सोय केली, त्याच्यावर नजर ठेवली, खातरजमा करायला काही महिने घेतले, आणि नोव्हेंबरमध्ये त्याची भेट घेतली. पुढे १६८७ मध्ये समुद्रमार्गे इराणला निघून जाईपर्यंत तो मराठ्यांच्या आश्रयाला होता. औरंगजेबाच्या दख्खनवरच्या स्वारीला या आश्रयाचं निमित्त मिळालं, म्हणजे त्याची किंमतही मोठी होती. चौकशी करणं आणि डांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सतराव्या शतकातल्या एका राजाला कळत होतं.

दुसरं महायुद्ध संपलं, युद्धातला कायदा मात्र संपला नाही. त्यातल्या तरतुदी १९४६ च्या कायद्यात उतरल्या. हा कायदा झाला तेव्हा सत्तेवर येऊ घातलेले आपले पुढारी स्वतः नुकतेच बिनचौकशीच्या कैदेतून सुटले होते. नेहरू, पटेल, आझाद १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यातच होते. कधी सुटणार हे माहीत नसलेली कैद म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही तो कायदा तसाच राहिला, तब्बल १ सप्टेंबर २०२५ पर्यंत. त्या दिवशी त्याच्या जागी नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. नव्या कायद्यात वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. काही गटांना सरकारने आदेश काढून सूट दिली आहे: नोंदणी झालेले तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ, तसंच अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती. या यादीत रोहिंग्या नाहीत, अफगाण हजारा नाहीत, सुदानी नाहीत. निर्वासित कोण, याची व्याख्या नव्या कायद्यानेही केलेली नाही.

या कैदेने माणसाचं काय होतं, यावर सर्वाधिक अभ्यास झाला तो ऑस्ट्रेलियात, कारण तिथे ती सरसकट सक्तीची आहे. १९९२ मध्ये पॉल कीटिंग यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने कायदा केला की व्हिसाशिवाय बोटीने येणाऱ्या प्रत्येकाला डांबायचंच. न्यायाधीशाने प्रकरण बघण्याची गरज नाही, माणूस धोकादायक आहे का हे बघण्याची गरज नाही. सुरुवातीला २७३ दिवसांची मर्यादा होती. १९९४ मध्ये तीही काढून टाकली. २००१ पासून बोटीने येणाऱ्यांना नाउरू आणि पापुआ न्यू गिनीच्या मानूस बेटावर पाठवायला सुरुवात झाली. २००४ मध्ये एका पॅलेस्टिनी माणसाचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याला कोणताच देश आपला मानत नव्हता, त्यामुळे परत कुठे पाठवायचं हा प्रश्न होता. मग त्याला जन्मभर आत ठेवता येईल का? चार विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं, येईल. हा निकाल फिरायला नोव्हेंबर २०२३ उजाडावं लागलं.

मानूसवर माणसांना बोटीच्या क्रमांकावरून हाक मारत. कुर्द पत्रकार बेहरूज बुचानी तिथे एमईजी-४५ होता. त्याने मोबाइलवरून संदेश पाठवून पाठवून अख्खं पुस्तक लिहिलं. जानेवारी २०१९ मध्ये त्या पुस्तकाला ऑस्ट्रेलियातला मानाचा व्हिक्टोरियन पुरस्कार मिळाला, तेव्हाही तो मानूसवरच होता. सगळेच लिहिते नव्हते. फेब्रुवारी २०१४ मध्ये रझा बराती हा तेवीस वर्षांचा इराणी तरुण छावणीतल्या दंगलीत मारला गेला. त्याच वर्षी हमीद खझाई पायाच्या जखमेत जंतुसंसर्ग होऊन गेला. त्याला वेळेवर मोठ्या रुग्णालयात हलवलं असतं तर तो वाचू शकला असता, असं चौकशीत निष्पन्न झालं. परवानगीचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले.

नाउरूवर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेचे मानसोपचारतज्ज्ञ अकरा महिने काम करत होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये नाउरू सरकारने त्यांना बाहेर काढलं. त्यांच्याकडे उपचारांसाठी आलेल्या निर्वासितांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार होते आणि सुमारे ३० टक्क्यांनी तसा प्रयत्न केला होता. काही मुलं खाणंपिणं, बोलणं, डोळे उघडणंही सोडून अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी नोंदवलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: हे लोक मायदेशी सोसलेल्या छळापेक्षाही पुढे काय होणार हे न कळण्याने खचले होते. सिडनीत डेरिक सिलोव्ह आणि झॅकरी स्टील यांच्या गटाने इराक-इराणमधून आलेल्या मँडीयन निर्वासितांचा अभ्यास केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की सहा महिन्यांहून अधिक काळ आत राहिलेल्यांमध्ये नैराश्य आणि आघाताच्या खुणा जास्त होत्या, आणि सुटून सरासरी तीन वर्षं झाली तरी त्या गेल्या नव्हत्या.

असं का होत असावं? शिक्षा झालेला कैदी भिंतीवर रेघा मारतो. सात वर्षं म्हणजे सात वर्षं. त्यातून माफीचे दिवस वजा होतात, पॅरोल मिळतो, कामाचे चार पैसे जमतात. तो मुलीच्या लग्नाचा हिशेब करू शकतो. निर्वासिताला रेघा मारता येतात, पण वजा कशातून करायच्या हे माहीत नसतं. उद्या सुटका होईल, दहा वर्षांनी होईल, की परत त्याच देशात पाठवतील, काहीही होऊ शकतं. अशा अवस्थेत मन पुढचा विचार करणंच थांबवतं. झोप जाते, पाठ केलेलं आठवत नाही, मुलांवर हात उगारला जातो. छळातून आलेल्या माणसाच्या मनात चाव्यांचा आवाज, गणती, रात्रीची झडती यांनी जुनं सगळं रोज नव्याने जागं होतं.

मेलबर्नमध्ये ही कैद भरवस्तीत आली होती. विद्यापीठाला लागून, स्वान्स्टन स्ट्रीटवर, जिथून ट्राम जाते आणि जिथे आपल्याकडून शिकायला गेलेली मुलंही रोज ये-जा करतात, तिथलं पार्क हॉटेल २०२० ते २०२२ या काळात बंदिशाळा होतं. औषधोपचारासाठी बेटांवरून आणलेली माणसं तिथे ठेवली होती. खिडक्या उघडत नव्हत्या. रस्त्यावरच्या निदर्शकांना दिसावं म्हणून आतले लोक काचेला कागद लावत. काही जण तेव्हा कैदेच्या नवव्या वर्षात होते. जगाला हे हॉटेल कळलं ते जानेवारी २०२२ मध्ये, टेनिसपटू नोव्हाक जोकोविचला व्हिसाच्या भानगडीत तिथे काही दिवस ठेवलं तेव्हा. तो दोन आठवड्यांच्या आत मायदेशी गेला.

आपल्याकडे आसामात २००९ पासून परदेशी ठरवलेल्यांना तुरुंगांच्याच आवारात ठेवायला सुरुवात झाली. गोलपारा, कोक्राझार, सिलचर, तेजपूर, जोरहाट, दिब्रुगड. त्यांतले बरेच जण पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच होते. कागदातल्या नावात किंवा वयात तफावत निघाली आणि ते परके ठरले. २०१८ मध्ये हर्ष मंदर यांनी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे निरीक्षक म्हणून यांतल्या दोन ठिकाणांना भेट दिली. नवरा एका तुरुंगात, बायको दुसऱ्यात, अशी कुटुंबं त्यांना आढळली. शिक्षा झालेल्या कैद्याला काम मिळतं, पॅरोल मिळतो, यांना तेही नव्हतं. १० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांहून जास्त काळ आत असलेल्यांना अटींवर सोडायला सांगितलं: एकेक लाखाचे दोन जामीन, पत्त्याची पडताळणी, बोटांचे ठसे, आठवड्याला ठाण्यात हजेरी. ज्याच्या घरी लाख रुपये कुणी पाहिलेले नाहीत त्याला जामीन कोण राहणार? एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या भीतीने का होईना, मुदत दोन वर्षांवर आणि जामिनाची रक्कम पाच हजारांवर आली. त्यानंतर माणसं खरोखर बाहेर येऊ लागली.

आता गोलपाऱ्याजवळ मटिया इथे तीन हजार जणांसाठी स्वतंत्र केंद्र उभं आहे. जम्मूत मार्च २०२१ पासून कठुआ जिल्ह्यातल्या हिरानगर उपकारागृहात रोहिंग्यांना ठेवलं आहे; त्यांत बायका आणि मुलं आहेत. महाराष्ट्रात २०१९ मध्ये गृह विभागाने नवी मुंबईत नेरूळला अशा केंद्रासाठी सिडकोकडे जागा मागितली होती. सरकार बदललं, तो बेत मागे पडला; पण केंद्र हवंच, ही भाषा पुन्हा आली आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या नियमपुस्तिकेत अशा केंद्रांमध्ये काय असावं ते सविस्तर लिहिलं आहे: पाळणाघर, दवाखाना, स्त्रियांसाठी वेगळी सोय. चांगलंच आहे. पण पुरंदरला हवा थंड होती आणि बंगले होते, तेवढ्याने तिथली कैद हलकी झाली नव्हती.

हे सगळं संभाजीनगरपासून दूर आहे, असं वाटत असेल तर विद्यापीठाच्या परिसरात एक फेरी मारावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अनेक वर्षांपासून येमेन, सुदान, सोमालिया, इराक, अफगाणिस्तान इथले विद्यार्थी येतात. कुणी इंग्रजीत एम.ए. करतो, कुणी वाणिज्यात पीएच.डी. भाड्याची खोली घेतली की घरमालकाला त्याची माहिती रीतसर कळवावी लागते. मुलाला चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते आणि व्हिसा संपण्याआधी ‘एक्स्टेंशन’साठी कागद जमवावे लागतात: प्रवेशाचा दाखला, खोलीचा करार, बँकेत पैसे कुठून आले त्याचा तपशील. तो घरून निघाला तेव्हा त्याच्या देशात सरकार होतं. मार्च २०१५ मध्ये येमेनवर बॉम्बहल्ले सुरू झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं. एप्रिल २०२३ मध्ये खार्टुममध्ये दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. शिष्यवृत्ती थांबते, घरून पैसे येत नाहीत, पासपोर्टची मुदत संपते आणि वकिलातीत उत्तर द्यायला कुणी नसतं. तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली, की त्याचं इथे राहण्याचं कारण कायद्याच्या दृष्टीने संपलं. कष्ट करून आलेला विद्यार्थी एका तारखेला, काहीही न करता, गुन्हेगार होतो. संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय दिल्लीत आहे. तिथलं कार्ड मिळालं तरी ते भारतीय कायद्याने दिलेलं रक्षण नव्हे. पोलिसांनी ते मानलं तर मानलं.

यात पोलिसांना खलनायक ठरवून भागणार नाही. सिटी चौकसारख्या एखाद्या ठाण्याने मनावर घेतलं तर काय होतं, ते आपण पाहिलं आहे. शिवाय केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०११ मध्येच कार्यपद्धती ठरवून दिली आहे. कुणी आपण निर्वासित आहोत असं सांगितलं तर वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, राजकीय मत यांमुळे छळाची भीती खरी आहे का ते तपासायचं, आणि ती खरी वाटली तर दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करायची. ज्यांना परत पाठवणं शक्यच होत नाही, त्यांना जामीन आणि महिन्याच्या हजेरीवर सोडण्याचीही सोय त्यात आहे. हे कागदावर आहे. पण ठाण्यात आलेल्या घाबरलेल्या माणसाला दुभाष्या मिळवून देऊन, समोर बसवून, ‘परत गेलास तर तुला कसली भीती आहे?’ हा प्रश्न विचारायचा असतो, हे किती अधिकाऱ्यांना शिकवलं जातं?

न्यायालयाचं दारही याच शहरात आहे. २०२० च्या मार्चनंतर तबलिगी जमातच्या प्रकरणात अहमदनगर जिल्ह्यात परदेशी नागरिकांवर परदेशी नागरिक कायद्याखाली आणि साथरोग कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया इथून ते रीतसर व्हिसा घेऊन आले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी, २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो आणि या लोकांना तसं करण्यात आल्याची शक्यता दिसते, असं निकालपत्रात म्हटलं आहे. न्यायमूर्ती सेवलीकर यांनी निकालाशी सहमत होताना काही निरीक्षणांबाबत आपलं मत राखून ठेवलं. १९३९ मध्ये अहमदनगरला अडकलेल्यांना असं दार ठोठावायला नव्हतं.

न्यायालयं नेहमी निर्वासिताच्या बाजूने कौल देतात असं नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांना सोडायला नकार दिला. नियमांप्रमाणे प्रक्रिया केल्याशिवाय परत पाठवू नका, एवढंच सांगितलं. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी मटियातल्या ६३ जणांचा विषय निघाला. त्यांचे परदेशातले पत्ते माहीत नाहीत म्हणून त्यांना पाठवता येत नाही, असं आसाम सरकार म्हणत होतं. तुम्ही मुहूर्ताची वाट बघताय का, असं न्यायालयाने विचारलं. अनुच्छेद २१ नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे, त्यांना असं कायम डांबून ठेवता येणार नाही, असं बजावलं, आणि त्यांना परत पाठवायला सुरुवात करा म्हणून सांगितलं. इथे निर्वासिताची दुहेरी कोंडी आहे. जी तारीख मिळेल ती सुटकेची असेल की परत पाठवणीची, ते आधी ठरायला हवं. म्हणून मुदत आणि चौकशी या दोन्ही मागण्या बरोबरच करायला हव्यात: आत ठेवायचं तर किती दिवस हे कायद्यात लिहा, आणि त्या दिवसांत त्याची भीती खरी की खोटी हे ऐकून घ्या.

तोवर जे आत्ता करता येण्यासारखं आहे ते करावं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं आणि अटकेतली कोणतीही व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे. तिथे नागरिकत्वाची अट नाही, उत्पन्नाचीही नाही. आपल्या ओळखीचा एखादा परदेशी विद्यार्थी किंवा शेजारी व्हिसाच्या कारणावरून उचलला गेला, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज द्यायचा. अर्ज साध्या मराठीत, साध्या कागदावर चालतो, आणि तो नातेवाइकानेच द्यायला हवा असं नाही. त्यात सुरुवातीला दोनच गोष्टी विचारायच्या: या माणसाला कुठे ठेवलं आहे, आणि कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेपर्यंत. तारखेचं उत्तर आलं नाही, तर तेच कारण घेऊन वकिलाला अनुच्छेद २२६ खाली खंडपीठात जाता येतं.